इन्ग्रिडची उडी

पद्माकर खासनीस गाडीच्या दाराभोवती बसवायच्या रबराचा इंजिनियर आहे. गाडी वेगात असली की दाराच्या फटीतून वारा शिरतो आणि शिट्टी वाजते. ती वाजू नये म्हणून रबर किती जाड असावं, त्याला आतून कसा आकार द्यावा, हे तो इंगोलश्टाटच्या एका पुरवठादार कंपनीत बसून ठरवतो. काम चांगलं आहे, उपयोगाचं आहे. पण पद्माकरला ते कधी पुरेसं वाटलं नाही. त्याला दुर्गअभ्यासक व्हायचं होतं.

अभ्यासक व्हायला अभ्यास करावा लागतो, ही अट त्याने सुरुवातीलाच रद्द केली. महाराष्ट्रातले किल्ले त्याने पाहिलेत ते दोन: सिंहगड आणि पन्हाळा. दोन्हीवर गाडी वरपर्यंत जाते. सिंहगडाबद्दल त्याला नेमकं काय आठवतं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "वहिनी, ताक. मडक्यातलं ताक." तरीही शिवजयंतीला इथल्या मराठी मंडळात भाषण त्याचंच. आधीच बांधून शिवलेला फेटा टोपीसारखा डोक्यावर ठेवतो, आवाज खाली नेतो आणि सुरू होतो. शिवाय 'तटबंदी आणि मी' नावाचं त्याचं एक यूट्यूब चॅनेल आहे. ते पाहणारे म्हणजे त्याचे नातेवाईक, आणि चुकून आलेले.

आम्ही त्यांच्याच इमारतीत राहतो. ते वरच्या मजल्यावर, मी आणि माझा नवरा गौरांग खाली. त्यामुळे हे सगळं मला जवळून पाहायला मिळालं. नको होतं, तरी मिळालं.

त्याची बायको साधना मूळची नाशिकची. फार्मसी शिकलेली, लग्नाआधी एका औषध कंपनीत चांगल्या जागेवर होती. इथे आल्यावर त्या पदवीला मान्यता मिळवायची होती. इथे त्याला अनेर्केनुंग म्हणतात, आणि त्याच्यासाठी भाषेचा शनिवारचा वर्ग आणि मग परीक्षा असते. साधनाने तो वर्ग दोनदा लावला, दोनदा सोडला. कारण शनिवारी पद्माकरचं शूटिंग असायचं. नवरा तटाकडे बोट दाखवून बोलणार आणि बायको फोन धरून उभी राहणार. त्यांची मुलगी अन्वी गिम्नाझिउममध्ये, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेत शिकते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. बापाच्या व्हिडिओंबद्दल तिचं एकच वाक्य ठरलेलं: "पापा, दास इस्ट पाइनलिश." म्हणजे लाज वाटते मला. पद्माकरने त्याचा अर्थ 'मुलांना इतिहासाची गोडी नाही' असा लावला होता.

गंमत अशी की इंगोलश्टाट स्वतःच जुनं लष्करी ठाणं. वेस आहे, तट आहे, बुरूज आहेत. पद्माकर रोज त्या वेशीखालून सायकलने कामाला जातो. "इथलाच एक भाग करा की," असं गौरांग त्याला म्हणाला होता. त्यावर पद्माकर म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, पण हे रोजचं आहे रे. ह्याला कोण लाइक देणार?"

म्हणून मग नॉर्वे.

जूनमध्ये फिंग्स्टन नावाच्या इथल्या सणाच्या सुट्टीत आम्ही दोन्ही कुटुंबं फ्रेड्रिकस्टाडला गेलो. म्युनिकहून विमानाने ऑस्लो आणि तिथून ट्रेन. स्टेशनवरून नदीपर्यंत चालत गेलो. ग्लोमा नदी रुंद आणि संथ, आणि पलीकडे न्यायला एक छोटी बोट, तिला तिकीट नाही. समोर जुनं गाव. ते खरंच बघण्यासारखं आहे, हे मी सांगून टाकते, कारण पद्माकरच्या व्हिडिओत तुम्हाला ते दिसणार नाही. तिथे पद्माकर दिसतो. गावाभोवती मातीचे उंच बांध आहेत, वर हिरवंगार गवत, चांदणीच्या आकारात वळत गेलेले. त्यांच्या बाहेर पाण्याचा खंदक, त्यावर उचलता येणारा लाकडी पूल. आत दगडी गोट्यांचे सरळ रस्ते, पिवळी-तांबडी बुटकी घरं, एक कुंभारकाम करणारीचं दुकान, दोन-तीन कॅफे. बांधावर तोफा मांडलेल्या, त्यांच्यावर पोरं घोडा घोडा खेळत होती. खंदकात बदकं होती. पहाटे पाऊस पडून गेला होता आणि सगळीकडे ओल्या गवताचा वास येत होता.

पद्माकरने हे सगळं पाहून तोंड वाकडं केलं.

"हा किल्ला?" तो म्हणाला. "हे तर आमच्याकडच्या पाझर तलावाचं धरण वाटतंय. कडा कुठाय? बुरूज कुठाय?"

"हेच बुरूज आहेत," गौरांग म्हणाला. "मातीचे असतात, तोफेचा गोळा रुतून बसावा म्हणून."

"आल्झो, म्हणजे असतील, पण दिसत नाही ना काही. प्रेक्षकाला काय दाखवू, गवत?"

अन्वी तोवर पुलाजवळचा फलक वाचून आली होती. तिने बापाला जर्मनमध्ये सांगितलं की अठराशे चौदा साली स्वीडनचं आरमार आलं, थोडा मारा झाला आणि किल्ला शरण गेला. पद्माकरचा चेहरा असा पडला की जणू हे त्याच्याशी विचारविनिमय न करता केलं गेलं होतं.

"शरण? लगेच?"

"हो," अन्वी म्हणाली. "इतकंच लिहिलंय."

"हे मी सांगू शकत नाही," तो म्हणाला. "शरण गेलेला किल्ला कोण बघेल?"

एखाद्याने दुसरा विषय निवडला असता. किंवा शरण का गेले, आतल्या लोकांचं काय झालं, हे शोधलं असतं. खरी गोष्ट तिथे होती. पद्माकर कॅफेत बसला, दालचिनीचा बन खाल्ला आणि बन संपेपर्यंत त्याने एक बाई तयार केली. तिचं नाव इन्ग्रिड. किल्लेदाराची पत्नी. नवरा शरण जायला निघाला तेव्हा हिने गडाच्या किल्ल्या कमरेला बांधल्या आणि तटावरून खंदकात उडी घेतली. शत्रूच्या हाती किल्ल्या लागू दिल्या नाहीत.

"हे कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

"वहिनी, सगळंच लिहिलेलं नसतं. लोकांच्या स्मरणात असतं."

"कोणत्या लोकांच्या? तुम्ही तर इथे कुणाशी बोललासुद्धा नाहीत."

तो हसला. मला कळत नाही तेव्हा तो असाच समजूतदारपणे हसतो.

आणि मग त्याने बॅगेतून नऊवारी काढली. शिवलेली, जांभळी, साधनाला न विचारता इंगोलश्टाटहून भरून आणलेली. नॉर्वेजियन इन्ग्रिड नऊवारीत का, हा प्रश्न गौरांगने विचारला. "भावना पोचते," पद्माकर म्हणाला. साधना माझ्याकडे बघून म्हणाली, "जाऊ दे गं सुरेखा, दहा मिनिटांचं काम आहे." कॅफेच्या टॉयलेटमध्ये जाऊन ती नेसून आली. खाली सपाट चप्पल, वर वारा. बांधावर फिरायला आलेली एक जर्मन जोडी थांबून बघायला लागली. अन्वी दूर जाऊन तोफेआड बसली.

पद्माकरने फेटा चढवला आणि फोन काठीवर लावला. साधनाला त्याने बांधाच्या अगदी कडेला उभं केलं, पाठ खंदकाकडे.

"अजून थोडी मागे. पदर उडू दे. अजून."

"अहो, गवत ओलं आहे."

"काही होत नाही. नजर वर. दुःख पण हवं आणि तेज पण हवं."

साधनाने अजून एक पाऊल मागे टाकलं आणि गेली. ती पडली म्हणणंसुद्धा बरोबर नाही. पाय निसटला, ती बसली, आणि बसल्या बसल्या त्या उतारावरून घसरत, मग एका कुशीवर लोळत थेट खालपर्यंत गेली. एक पाय पाण्यात, एक पाय वाकडा. बदकं ओरडत बाजूला झाली. मी आणि गौरांग धावत सुटलो, अर्धे धावत आणि अर्धे आम्हीही घसरत. मी तिच्याजवळ पोचून वर बघितलं तर पद्माकर कडेला उभा होता आणि फोन अजून आमच्यावर रोखलेला होता.

"एक मिनिट," तो वरून म्हणाला. "सुरेखावहिनी, जरा फ्रेमच्या बाहेर व्हा."

मी हे माझ्या कानांनी ऐकलं. नंतर त्याने नाकारलं, गौरांगने त्याला सांगितलं तेव्हाही नाकारलं. पण त्याच्याच फोनमध्ये ते वाक्य आहे. व्हिडिओत त्याच्यावर शंखनाद घातलाय, एवढंच.

साधना दातावर दात दाबून पडली होती. तिचा घोटा माझ्यासमोर सुजत होता. तिने वर बघितलं. त्यांच्या लग्नाला किती वर्षं झाली मला माहीत नाही, पण मी ओळखते तेव्हापासून ती त्याला अहो म्हणत आली होती, घरात, फोनवर, भांडतानासुद्धा. ती म्हणाली,

"पद्माकर, तो फोन खाली ठेव आणि इकडे ये."

आवाज चढवला नाही तिने. पण तो आला. फोन खिशात घालून आला, ठेवून नाही.

कुंभारकाम करणाऱ्या बाईने आम्हाला पाहिलं होतं. मातीचे हात तसेच घेऊन ती खुर्ची घेऊन आली, मग स्वतःची गाडी काढून तिने आम्हाला दवाखान्यात नेलं. रस्त्यात पद्माकर म्हणाला, "साडीला चिखल लागलाय, डाग जाईल ना?" त्या बाईने मला इंग्रजीत विचारलं, हे काय म्हणाले? मी सांगितलं, आभार मानतायत.

घोटा मोडला होता. प्लास्टर घातलं, विमानतळावर चाकाची खुर्ची मिळाली, आणि आम्ही परत आलो. साधना सोफ्यावर उशीवर पाय ठेवून पडून राहिली. स्वयंपाक मी खालून पाठवत होते, अन्वी भांडी घासत होती, आणि पद्माकर शेजारच्या खोलीत दार लावून व्हिडिओ जुळवत होता. दाराखालून ढोलांचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा.

त्याने बायकोचं पडणं हीच इन्ग्रिडची उडी केली. संथ गतीत. कडेवर उभी असलेली स्त्री, पदर उडतोय, मग ती मागे जाते, आभाळ दिसतं, शंख वाजतो, आणि पद्माकरचा खाली नेलेला आवाज म्हणतो, "पण किल्ल्या मात्र तिने दिल्या नाहीत." मी आणि गौरांग कापून काढलेले. शेवटी पाण्यातला तो पाय.

आणि लोकांनी तो पाहिला. सगळीकडे पाहिला. माझ्या सासूबाई सांगलीत असतात. त्यांनी मला तो पाठवला, वर हात जोडलेली सहा चित्रं आणि मजकूर: परदेशातही अशा थोर स्त्रिया होऊन गेल्या, डोळे भरून आले. मी फोन करून म्हटलं, "अहो आई, ती साधना आहे. आमच्या वरची. तुम्ही तिच्या हातच्या अळूच्या वड्या खाल्ल्यात." त्या म्हणाल्या, "असेल. पण उडी किती छान घेतलीय."

अन्वीने व्हिडिओखाली लिहिलं, मराठीत, रोमन अक्षरांत, कारण देवनागरी तिला लिहिता येत नाही: ही माझी आई आहे, ती पडली, तिचं हाड मोडलं. पद्माकरने ते पुसलं. तिने परत लिहिलं. त्याने परत पुसलं. असं बरेचदा झालं, आणि मग त्याने स्वतःच्या मुलीला ब्लॉक केलं. दोघं एकाच घरात, एकाच टेबलवर जेवत होती. मी त्याला याबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, सोशल मीडियावर शिस्त लागते."

गणेशोत्सवात मंडळाने त्याचा सत्कार ठेवला. मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ, इथे आलेल्या पहिल्या पिढीतले. माणूस वाईट नाही, पण समोर माईक असला की प्रत्येकाला थोर म्हणतो. शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल भरलेला होता. मागच्या बाजूला मोदकांसाठी रांग लागली होती. पद्माकरला शाल आणि नारळ मिळाला. मग राजाभाऊंना सुचलं.

"आणि आता आपल्या इन्ग्रिडताई! साधनावहिनी, या, या वर."

साधना कुबडी घेऊन वर गेली. राजाभाऊंनी तिच्यासमोर माईक धरला.

"मी उडी मारली नाही," ती म्हणाली. "मी घसरले. आणि इन्ग्रिड नावाची कुणी बाई नव्हती. ती याने कॅफेत बसून केली. किल्ला शरण गेला होता, तसं तिथे बाहेरच लिहिलंय. मी खाली पडले होते तेव्हा याने शूटिंग थांबवलं नाही."

मोदकांच्या रांगेतली माणसंसुद्धा वळली. मला वाटलं, झालं. आता तरी कुणीतरी विचारेल.

राजाभाऊ हसले. मोठ्याने, मोकळेपणाने हसले. "वहिनींची विनोदबुद्धी! नवऱ्याला असं चारचौघांत टोमणा मारायचा हक्क फक्त बायकोला!" आणि हॉल टाळ्यांनी भरून गेला. शंभर इंजिनियर, त्यांच्या शिकलेल्या बायका, दिवसभर मोजमाप आणि चाचण्या करणारी माणसं. बाई समोर कुबडी घेऊन उभी आहे, ती मराठीत बोलतेय, आणि यांना विनोद ऐकू आला. माझ्या शेजारची एक जण मला म्हणाली, "किती गोड जोडी आहे ना?" मी तिला मोदक आणायला पाठवलं.

पायऱ्या उतरताना पद्माकरने साधनाला हात दिला. समोर फोटो काढणारा होता म्हणून दिला. तिने तो घेतला नाही. कुबडी टेकत एकेक पायरी स्वतः उतरली. हे मात्र सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यावर कुणी हसलं नाही.

ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी तिने भाषेच्या वर्गात नाव घातलं. शनिवारच्याच. पद्माकरने विचारलं, मग फोन कोण धरणार? ती म्हणाली, "काठी आहे ना तुझ्याकडे." खंदकात पडली त्या दिवसापासून तो तिच्यासाठी 'तू' आहे. त्याला ते अजून खटकतं. गौरांगपाशी त्याने तक्रारही केली की साधना हल्ली फार जर्मन झालीय.

ती फार काही बोलत नाही याबद्दल. एकदा मीच तिला म्हटलं, "सोडून का जात नाहीस त्याला?" ती भाजी चिरत होती. म्हणाली, "अन्वीचं आबिटुअर होऊ दे, तिची शाळा संपू दे. आणि मला आधी माझ्या पायावर उभं राहायचंय." मग स्वतःच्या घोट्याकडे बघून ती एवढी हसली की तिला सुरी खाली ठेवावी लागली. मला हसू आलं नाही, पण तिला हसताना बघून बरं वाटलं.

दरम्यान इन्ग्रिडचं चांगलं चाललं होतं. पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक सहल स्कँडिनेव्हियाला आली. त्यात गौरांगची एक लांबची आत्या होती. फ्रेड्रिकस्टाडला पोचल्यावर त्या सगळ्यांनी इन्ग्रिडची समाधी कुठे आहे म्हणून विचारलं. तिथल्या पर्यटन कचेरीतल्या बाईला काही कळेना. शेवटी त्यांनी नदीकाठचा बोट बांधायचा एक जुना खुंट पसंत केला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि फोटो काढले. परतताना आत्या आमच्याकडे दोन दिवस राहिल्या. म्हणाल्या, "एवढी मोठी बाई होऊन गेली, पण यांना पत्ताच नाही. या लोकांना आपल्या इतिहासाची कदर नाही हो."

पद्माकर वर होता. मी त्याला मुद्दाम चहाला बोलावलं आणि आत्यांना हे परत सांगायला लावलं. मला त्याचा चेहरा बघायचा होता. त्याने डोळे मिटून मान हलवली.

"गेनाऊ," तो म्हणाला. "मी त्या जागी उभा होतो आत्या. आजही तिथे उभं राहिलं की काहीतरी जाणवतं."

तो खोटं बोलत नव्हता. तेच भयंकर होतं. बनासोबत तयार केलेली ती बाई आता त्याला खरीच वाटत होती, आणि जी खरी पडली होती ती वर दुसऱ्या खोलीत जर्मन औषधांची नावं पाठ करत होती.

साधनाला परीक्षेत यश आलं, पण एका प्रयत्नात नाही. आता ती इथल्याच एका आपोटेकमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात काम करते. पांढरा कोट, छातीवर नाव, जर्मन उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ. म्हाताऱ्या बायका तिच्याकडेच येतात, कारण ती गोळी कधी घ्यायची ते दोनदा सांगते आणि चिडत नाही.

फेब्रुवारीत मी खोकल्याचं औषध घ्यायला तिथे गेले होते. रांगेत माझ्यापुढे पद्माकर होता. शिवजयंतीच्या भाषणाची तालीम करून करून त्याचा घसा पार बसला होता. काउंटरपर्यंत पोचल्यावर त्याने गळ्याकडे बोट दाखवलं. तोंडातून नुसती हवा आली.

साधनाने त्याला चघळायच्या गोळ्या दिल्या आणि इतर गिऱ्हाइकांना सांगते तशीच समजावून सांगायला लागली. गरम पाणी, वाफ, मीठ घालून गुळण्या.

"आणि आठवडाभर बोलायचं नाही," ती म्हणाली. "अजिबात. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण पडतो."

त्याने उद्या भाषण आहे असं हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला. फेटा, माईक, गर्दी. तिने ते सगळं शांतपणे पाहून घेतलं आणि पावती त्याच्या हातात दिली.

"पुढे कोण?" तिने विचारलं. पुढे मी होते.

भाषण त्याने केलंच. माईक तोंडात जाईल इतका जवळ धरून, विषय इन्ग्रिड. तिसऱ्या रांगेच्या पुढे एक शब्द ऐकू गेला नाही. टाळ्या मात्र नेहमीइतक्याच पडल्या. साधना आली नव्हती. तिची त्या दिवशी दुपारची पाळी होती.